वाडीशेजारी बहुमजली इमारत येतेय? झोनच्या नियमांवर हरकत कशी घ्यावी

शेजारच्या सर्वे नंबरात मोठी इमारत येणार, याची पहिली खबर वाडीला बहुधा मोजणीच्या नोटिशीने लागते. भूमी अभिलेख कार्यालय लगतच्या कब्जेदारांना कळवते की अमुक तारखेला मोजणी आहे, हजर राहावे. जमीन आपली नव्हे म्हणून घरातले ते पत्र बाजूला ठेवतात. पुढे जेसीबी येतो, चिरा फुटू लागतो, बोअरवेलची गाडी उभी राहते आणि फलकावर समुद्राच्या चित्राखाली फ्लॅटचे दर झळकतात. तोवर हरकत घेण्याच्या काही मुदती उलटून गेलेल्या असतात.

ज्यांनी आजवर नगररचना कार्यालयाची पायरी चढलेली नाही, अशा रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या रहिवाशांसाठी हे लिहीत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. 'आम्हाला इमारत नको' या वाक्यावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. 'या विभागात हा वापर अमुक नियमाने चालत नाही' या वाक्याला मात्र त्याला लेखी उत्तर शोधावे लागते. पुढची सगळी धडपड पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर येण्यासाठी आहे.

जमीन कोणत्या विभागात आहे?

सातबारा महाभूलेखवर मिळेल, पण त्यावरून झोन, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी ठेवली आहे ते, कळत नाही. त्यासाठी सहायक संचालक, नगररचना यांच्या जिल्हा कार्यालयात किंवा नगर परिषदेत अर्ज करून त्या गट क्रमांकाचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. जमीन तुमच्या नावावर नसली तरी हा अर्ज करता येतो. दाखल्यावर रहिवास, शेती, हरित पट्टा असे काहीतरी लिहिलेले असेल. शहरात हे विकास योजनेवरून ठरते, गावात प्रादेशिक योजनेवरून.

नवीन माणसे इथेच घाई करतात. दाखल्यावर 'शेती विभाग' दिसला की लढाई जिंकली असे वाटते. पण राज्यात 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात तिच्यात, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात गावठाणाभोवतीच्या ठरावीक परिघात अधिमूल्य भरून निवासी बांधकाम करता येते. हा परीघ गावच्या लोकसंख्येवर अवलंबून असतो. त्यामुळे गावठाणाची हद्द कुठे संपते आणि प्लॉट तिथून किती अंतरावर आहे, हे गावनकाशावर मोजा. प्लॉट परिघाबाहेर असेल तर हरकतीला भक्कम पाया मिळाला. आत असेल तर झोनचा मुद्दा सोडून रस्ता, किनारा आणि पाणी यांकडे वळा.

रस्त्याचा मुद्दा कोकणात फार महत्त्वाचा, आणि लोक तोच विसरतात. इमारतीची उंची आणि चटई क्षेत्र समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा) प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारे जादा बांधकाम, किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरून आणलेला बांधकामाचा हक्क, घेता येत नाही. आपल्याकडचे वाडीतले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मधून जेमतेम एक टेम्पो जाईल एवढी वाट. नकाशात मात्र तीच वाट रुंद दाखवलेली आढळते. दोन साक्षीदार घेऊन टेपने सर्वांत अरुंद ठिकाणी मोजमाप करा, टेप दिसेल असे फोटो काढा आणि तारीख टाका. पाखाडी असेल तर पायऱ्याही फोटोत येऊ द्या.

सातबाऱ्यावरचे इतर हक्क आणि फेरफार याच वेळी वाचून घ्या. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे असतात आणि त्यांतली निम्मी मुंबईत. समाईक जमिनीतला अविभक्त हिस्सा विकला गेला असेल, कुळकायद्याची अट असेल किंवा देवस्थान इनाम असेल तर तो मालकीचा स्वतंत्र प्रश्न आहे. तो सहहिस्सेदारांनी वेगळा लढवावा. झोनच्या हरकतीत त्याचा एका ओळीत उल्लेख पुरे.

परवानगी कोण देणार?

नगर परिषद किंवा नगर पंचायत असेल तर मुख्याधिकारी. गावठाणाबाहेरच्या ग्रामीण भागात नियोजनाचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि नगररचना कार्यालय तांत्रिक छाननी करते. मोठ्या इमारतीची परवानगी ग्रामपंचायत देत नाही, त्यामुळे सरपंचाशी भांडण्यात शक्ती घालवू नका. मार्च 2024 मध्ये राज्य शासनाने किनारी जिल्ह्यांतल्या सोळाशेहून अधिक गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचना काढली होती. तेव्हा तुमच्या गावासाठी आज नियोजन प्राधिकरण कोण आहे, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारा. चुकीच्या कार्यालयात दिलेला उत्तम अर्जही मुदत संपेपर्यंत तिथेच पडून राहतो.

किनारा नियमन क्षेत्र: इथे सावकाश वाचा

आपल्याकडे झोनइतकेच, कधी कधी त्याहून जास्त, काम सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, करतात. आधी 2011 ची आणि मग 18 जानेवारी 2019 ची अधिसूचना आली. समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. खाडीकाठी 2019 च्या अधिसूचनेने तो 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढा ठेवला आहे.

गावांचा बहुतेक भाग सीआरझेड-तीन मध्ये मोडतो. त्याचे आता दोन प्रकार आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर 'अ', आणि तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर ना-विकास क्षेत्र. त्याहून कमी असेल तर 'ब', आणि तिथे 200 मीटर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घनता त्या जनगणनेत दोनशेच्या आत होती. एखादी दाट कोळीवस्ती अपवाद ठरू शकते, म्हणून आपल्या गावचा आकडा काढाच: जनगणनेतली लोकसंख्या भागिले गावचे क्षेत्रफळ. कोणी 'आता पन्नास मीटरच लागतात' असे ठासून सांगत असेल तर हा भागाकार त्याच्यापुढे ठेवा.

ना-विकास क्षेत्राच्या पलीकडे, 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात, स्थानिकांच्या पारंपरिक हक्कांच्या आणि वहिवाटीच्या चौकटीतली राहती घरे बांधता येतात. त्यांची उंची 9 मीटर आणि मजले तळ अधिक एक, एवढीच मर्यादा. सात मजल्यांची सेकंड होमची इमारत या चौकटीत बसवणे कठीण आहे. शहरी, आधीच बांधकाम झालेल्या भागात म्हणजे सीआरझेड-दोन मध्ये नियम वेगळा. तिथे अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येते. मग प्रश्न उरतो तो रस्ता खरोखर आधीचा आणि अधिकृत आहे का, एवढाच.

खाजणाच्या कडेला प्लॉट असेल तर आणखी खोलात जावे लागेल. बांध किंवा उघडी (बांधातले पाण्याचे दार) यांमुळे भरतीचे पाणी अडत असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते, पण तो बांध 19 फेब्रुवारी 1991 च्या आधीचा असेल तरच. खारभूमी विभागाच्या दप्तरात बांध कधीचा हे सापडते. गावातल्या जुन्या माणसांना तर तोंडपाठ असते, पण दप्तराची नक्कल हातात हवीच. आणि तिवरे किंवा चिपीची झाडे दिसत असतील तर मुंबई उच्च न्यायालयाचा 17 सप्टेंबर 2018 चा कांदळवनांविषयीचा निकाल आठवा. कांदळवनाभोवती 50 मीटरचे संरक्षित अंतर राखण्याची बाब त्यात ठळक आहे. झाडांचे फोटो ओहोटीला आणि भरतीला, एकाच जागेवरून काढा.

या सगळ्याचा पुरावा एकच: 1:4000 प्रमाणाचा, सर्वे नंबर दाखवणारा किनारा व्यवस्थापन नकाशा. मोबाइलवरच्या उपग्रहचित्रावर बोटाने ओढलेली रेघ कोणी धरत नाही. महाराष्ट्र सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची कार्यसूची आणि इतिवृत्ते त्यांच्या संकेतस्थळावर येतात. त्यांत आपल्या तालुक्याचे नाव शोधण्याची सवय लावून घ्या.

नदीकाठी असाल तर पूररेषा पाहा. 22 जुलै 2021 नंतर चिपळूणकरांना हे सांगावे लागत नाही. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधला भाग नव्या बांधकामाला निषिद्ध आहे. या रेषा जलसंपदा विभाग आखतो.

हरकतीची दारे कधी उघडी असतात?

एक कटू गोष्ट अशी की साध्या बांधकाम परवानगीच्या वेळी शेजाऱ्यांना नोटीस देण्याची तरतूद कायद्यात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 खाली बांधणारा अर्ज करतो आणि कलम 45 खाली निर्णय होतो. नकार मिळाला तर कलम 47 खाली अपील करता येते, पण ते अर्जदाराला. शेजाऱ्याला ते दार नाही. मला ही या कायद्यातली मोठी उणीव वाटते. ज्याच्या विहिरीवर परिणाम होणार त्याला विचारायचेच नाही, हे पटत नाही.

म्हणून जनतेला बोलावणारे जे टप्पे आहेत ते चुकवू नका. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते तेव्हा कलम 26 खाली 30 दिवस मिळतात. एखाद्या जमिनीचा झोन बदलून रहिवास करायचा असेल तर विकास योजनेत कलम 37 आणि प्रादेशिक योजनेत कलम 20 खाली फेरबदल करावा लागतो, त्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते आणि हरकतींना ठरावीक मुदत असते. वाडीतल्या एकाने, मग तो निवृत्त शिक्षक असो की कॉलेजात जाणारी मुलगी, रोज जिल्हा आवृत्तीतल्या जाहीर सूचना वाचण्याचे काम अंगावर घ्यावे. ऐन पावसात, लावणीच्या दिवसांत सूचना निघाली आणि कोणाच्या लक्षातच आली नाही, असे सहज होऊ शकते.

प्रकल्प 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्राचा किंवा मोठा असेल तर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. निवासी इमारतींसाठी त्यात जनसुनावणी होत नाही, पण राज्यस्तरीय समितीला लेखी निवेदन कोणीही पाठवू शकतो.

झोन बदलाची सूचना निघालेली नसेल आणि थेट बांधकाम परवानगीचा अर्ज असेल तरीही लेखी हरकत द्याच. सुनावणी मिळेलच असे नाही, पण नियमभंग परवानगीच्या आधी निदर्शनास आणला होता, हे दप्तरी राहते. पुढे न्यायालयात पहिला प्रश्न तोच येतो.

कागद कसे मिळवायचे?

माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांच्या आत ठेवा. 'प्रकल्पाची सर्व माहिती द्या' असे लिहिलेत तर मोघम उत्तर येईल. नेमके मागा: सादर केलेला आणि मंजूर नकाशा, तांत्रिक छाननीचा अहवाल, मोजणीची 'क' प्रत, पोहोच रस्त्याचा पुरावा, सीआरझेड अभिप्राय, पाण्याच्या स्रोताचा दाखला. त्याच अर्जात फाइलची प्रत्यक्ष पाहणी करू देण्याची मागणी घाला. फाइल उघडून समोर बसले की टिपणीवरचे शेरे दिसतात आणि त्यातून बरेच कळते. उत्तर आले नाही तर 30 दिवसांत प्रथम अपील.

तोवर महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाचे, संकेतस्थळ पाहा. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. नोंदणी असेल तर मंजूर आराखडा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र तिथे सर्वांना खुले असते. फलक लागला आहे आणि नोंदणी नाही, असे आढळले तर ती स्वतंत्र तक्रार होते.

अर्ज असा लिहा

एका पानात. भावना एका वाक्यात, बाकी नियम आणि मोजमाप. नमुना देतो:

*प्रति, मा. सहायक संचालक, नगररचना, जिल्हा ____*

*विषय: मौजे ____, ता. ____ येथील गट क्र. ____ वरील प्रस्तावित निवासी इमारतीस हरकत*

*महोदय, मी वरील गटाला लागून असलेल्या गट क्र. ____ चा कब्जेदार असून तेथे सहकुटुंब राहतो.*

*1) झोन दाखला दि. ____ नुसार सदर जमीन शेती विभागात आहे. गावठाण हद्दीपासून तिचे अंतर ____ मीटर असून ती अनुज्ञेय परिघाबाहेर आहे.*

*2) पोहोच रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी ____ येथे ____ मीटर आहे. पंचनामा व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.*

*3) भरतीरेषेपासून जमिनीचे अंतर ____ मीटर असून प्रस्तावित उंची किनारा नियमन अधिसूचना, 2019 मधील मर्यादेपेक्षा जास्त आहे.*

*सबब परवानगी देऊ नये, निर्णयापूर्वी स्थळपाहणी करावी व मला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी ही विनंती.*

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि सीआरझेडचा मुद्दा असल्यास किनारा प्राधिकरणाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. एकाच मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा घरांनी आपापल्या विहिरीचे, वाटेचे, आगराचे नेमके नुकसान लिहून दहा अर्ज दिले तर ते जास्त वजनदार ठरतात. अर्जात, भाषणात किंवा व्हॉट्सॲपवर विकासकाच्या हेतूंविषयी, कोणी पैसे खाल्ले याविषयी अवाक्षर नको. पुराव्याविना केलेला आरोप तुमच्यावरच उलटतो. आणि जमीन विकणारा बहुधा आपलाच भावबंद असतो. त्याच्या घरी आजारपण असेल, मुलीचे शिक्षण असेल. त्याला गावाचा वैरी ठरवून हरकत मजबूत होत नाही, वाडी मात्र कायमची दुभंगते.

ग्रामसभेचा ठरावही घ्या. तो नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक नाही, पण पाणीटंचाई, टँकर, रस्ता यांविषयी गावाची अधिकृत नोंद म्हणून मोलाचा आहे. गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी गावी असतात तेव्हा सभा ठेवता आली तर गणपूर्तीची चिंता राहत नाही.

सुनावणीला जाताना

बोलायला फार वेळ मिळत नाही. एकच नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या, त्यावर प्लॉट, गावठाण, भरतीरेषा आणि तुमची विहीर रंगाने दाखवा. पहिल्या मिनिटात सर्वांत भक्कम मुद्दा मांडा. सगळ्यांनी एकदम बोलू नये, दोघांना नेमून द्यावे. लेखी म्हणणे सोबत ठेवा आणि ते दप्तरात घेतल्याची नोंद करायला सांगा. वास्तुविशारद 'सर्व नियमानुसार आहे' म्हणाले तर शांतपणे विचारा, कोणत्या नियमानुसार आणि कोणत्या नकाशावर.

तरीही परवानगी मिळाली तर

इथे दिवस मोजा. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करायचे असते. सबळ कारण दिले तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. आपले खंडपीठ पुण्यात आहे. नगररचना परवानगीविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून या दोन जिल्ह्यांचे कामकाज कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे. रायगडचे मात्र मुंबईतच.

नियोजन प्राधिकरणाला कलम 51 खाली दिलेली परवानगी मागे घेता येते, पण काम बरेच पुढे गेल्यावर ते जवळपास अशक्य होते. म्हणून जोत्याच्या आत हालचाल करा. परवानगीशिवाय किंवा मंजूर नकाशा सोडून काम चालू असेल तर कलम 53 आणि 54 खाली नोटीस आणि काम थांबवण्याची मागणी करा, तारखेसह फोटो जोडा. जेसीबीपुढे आडवे पडून गुन्हे अंगावर घेऊ नका. पुढच्या प्रत्येक सुनावणीत तेच गुन्हे तुमच्या नावापुढे येतील.

उशिराची किंमत फ्लॅट घेणाऱ्यांनाही मोजावी लागते. केरळमधल्या मरडू इथे किनारा नियम मोडून उभ्या राहिलेल्या चार निवासी संकुलांना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी 2020 मध्ये स्फोटके लावून पाडले. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांची घरे गेली. मुंबई-पुण्याचे कोणी नातेवाईक तुमच्या गावच्या प्रकल्पात पैसे गुंतवत असतील तर त्यांना झोन दाखला आणि किनारा नकाशा आधी पाहायला सांगा.

इमारत नियमात बसत असेल तर

असेही होते, आणि ते मान्य करावे लागते. जमीन रहिवास विभागात आहे, रस्ता पुरेसा आहे, किनारा लांब आहे, तर इमारत थांबवण्याचा आग्रह सोडून अटींवर भांडा. माझ्या मते वाडीचा खरा फायदा इथेच असतो, कारण कातळावरच्या गावाचा जीव पाण्यात आहे. हजारो मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. त्याच झिरपत्या जांभ्यातून शोषखड्ड्याचे सांडपाणीही खालच्या विहिरीत उतरते.

म्हणून लेखी मागणी करा: उन्हाळ्यातल्या पाण्याचा स्रोत कोणता ते दाखवा, शेजारच्या विहिरींपासून बोअरवेलचे अंतर सांगा, साध्या सेप्टिक टँकऐवजी सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा बसवा, पऱ्याचा प्रवाह अडवू नका, पाखाडी आणि स्मशानाची वाट खुली ठेवा, खोदाईची माती व्हाळात टाकू नका. काम सुरू होण्याआधी आपल्या विहिरीची पाण्याची पातळी मे महिन्यात मोजून ठेवा आणि पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपा. नंतर पाणी बिघडले तर तुलना करायला तोच एक आधार राहतो.

या अटी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रात छापल्या गेल्या आहेत का, ते प्रत मागवून तपासा. इमारत पूर्ण होत आली की भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीचा, अर्ज पडतो. त्याआधी, कोणत्या अटी पाळल्या नाहीत त्याची यादी फोटोंसह त्याच कार्यालयात द्या आणि पुन्हा आवक क्रमांक घ्या. प्रमाणपत्र मिळेपर्यंत विकासकाला त्या अटी पुऱ्या करण्याची गरज असते. ते हाती पडल्यावर वाडीचे फोन कोणी उचलेलच, याची खात्री धरू नका.